नोंदवहीतले नाव

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले, की नागपूरचे रस्ते मोर्च्यांनी भरून जातात. शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, धरणग्रस्त येतात, आणि त्यांच्यात कुठेतरी भटक्या-विमुक्तांचाही मोर्चा असतो. नागपूरकर या गर्दीला सरावलेला आहे. वाहतूक कोणत्या रस्त्याने वळवली आहे, एवढे विचारून तो आपल्या कामाला लागतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच पुढे गेलो. फलकावरचा ‘विमुक्त’ हा शब्द वाचला, परंतु हे लोक कशातून मुक्त झाले, असे विचारण्याचे आमच्या मनात कधी आले नाही.

ते मुक्त झाले एका नोंदवहीतून. दिनांक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे आणि संविधान अमलात येऊन अडीच वर्षे लोटल्यावर, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा या समाजांचा मुक्तिदिन. त्या नोंदवहीत नाव कसे चढे, क्वचित कसे उतरे, आणि सर्वांचीच नावे उतरली असे जाहीर झाल्यावरही ती कुठे कुठे शिल्लक राहिली, हे येथे सांगायचे आहे.

नोंदवही ही वस्तू आपल्या वाचकांना परकी नाही. प्रत्येक धर्मग्रामाच्या दप्तरात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. तीत पणजोबांचे नाव सापडले, की माणसाला आपले मूळ हाती लागल्याचा आनंद होतो. पोलिसांच्या दप्तरातील या दुसऱ्या नोंदवहीतही मनुष्याचे स्थान जन्माबरोबरच ठरत असे. मात्र तीत आपले नाव कुणी हौसेने शोधत नसे.

पहिला कायदा १२ ऑक्टोबर १८७१ चा. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजी राज्याला फिरत्या लोकांचे भय वाटू लागले होते. जो एका गावी राहत नाही, ज्याच्याकडे सातबारा नाही, जो मीठ, धान्य, गुरे वा औषधी घेऊन मुलुखभर हिंडतो, त्याचा सारा वसूल कसा करायचा आणि त्याच्यावर नजर कशी ठेवायची? विधेयकाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला तो आज वाचताना अंगावर काटा येतो. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकऱ्याचा मुलगा विणकर होतो. त्याच न्यायाने चोराचा मुलगा चोरच होणार, हा त्याचा मथितार्थ. आपल्या जातिव्यवस्थेतील एक तर्क परक्या राज्यकर्त्यांनी उचलला आणि त्याला कलमांचे रूप दिले. तर्क त्यांना आयता मिळाला, हे आपण विसरू नये.

हा कायदा आरंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ मध्ये तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लावण्याची सोय झाली आणि १९२४ च्या सहाव्या कायद्याने सगळ्या तरतुदी एकत्र आणल्या. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग गुन्ह्यांना सरावलेला आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, की राजपत्रात जाहीरनामा निघे. त्या जाहीरनाम्याच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न विचारता येत नसे. नंतर जिल्हा दंडाधिकारी त्या जमातीच्या माणसांची नोंदवही तयार करवी. बोटांचे ठसे घेतले जात. ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी हजेरी द्यावी लागे. मुक्काम हलवायचा झाला तर आधी वर्दी द्यावी लागे. गावचे पाटील आणि पहारेकरी यांच्यावरही अशा लोकांची खबर देण्याची जबाबदारी कायद्यानेच टाकलेली होती. या सगळ्यासाठी त्या माणसाने स्वतः कधी चोरी केली असणे आवश्यक नव्हते.

नागपूरचा या इतिहासाशी संबंध कागदाच्या वाटेने आला. १८८२ मध्ये वऱ्हाडच्या पोलीस खात्याशी संबंध असलेल्या मेजर गनथॉर्प यांनी मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्यप्रांतातील ‘गुन्हेगार जमातीं’वर टिपणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पोलीस अधिकाऱ्याने पोलीस अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले ते पुस्तक होते. संशयिताला कसे ओळखावे, हाच त्याचा हेतू. पुढे मध्यप्रांताच्या जातिजमातींची सरकारी पाहणी झाली. तिचे प्रमुख आर. व्ही. रसेल आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही विदर्भातील कोणत्याही जातीचा इतिहास लिहिणारा प्रथम हे खंड उघडतो, आणि आम्हीही तेच केले. या ग्रंथात गनथॉर्पचा आधार ठिकठिकाणी घेतलेला आहे. म्हणजे चौकीवरचा संशय आधी टिपणात उतरला आणि टिपणातून विद्वत्तेत गेला.

या ग्रंथातील ‘भामटा’ या जातीवरचे प्रकरण आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. मध्यप्रांतात त्यांची संख्या सुमारे ४,००० आणि वस्ती मुख्यतः वर्धा, नागपूर व चांदा या जिल्ह्यांत, असे तेथे दिले आहे. एका जागी एक ऐकीव गोष्ट येते: वरावर पोलिसांनी किमान चौदा वेळा हात टाकल्याशिवाय त्या जातीतील मुलगी त्याला वरीत नाही, असे म्हणे वर्ध्याकडे पूर्वी सांगत. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या टवाळकीतून ही गोष्ट जन्मली असेल कोण जाणे. त्याच प्रकरणात दुसरेही एक विधान आहे, तितकेच स्पष्ट: या जातीतील पुष्कळ लोक आता ताग पिकवतात आणि त्याचे दोर, चटया व गोण्या बनवतात. आम्हाला या दोन विधानांचे एकमेकांजवळ असणे विलक्षण वाटते. एक चावडीवरची थट्टा आणि दुसरे शेतात डोळ्यांनी दिसणारे काम. ताग पाण्यात कुजवायचा, सोलायचा, वाळवायचा, पिळायचा. किती हातांचे ते कष्ट! परंतु लक्षात राहिली ती थट्टा. दोर वळणारे लोक म्हणून त्यांना कुणी ओळखले नाही.

आणि आपली भाषा? कोणताही मराठी शब्दकोश उघडला तर ‘भामटा’ म्हणजे ठक, लुच्चा. उद्याचे वर्तमानपत्र उघडले तरी ‘भामट्याने वृद्धेस गंडविले’ असा मथळा सापडण्याचा संभव आहे. जातीवरून शब्द आला की शब्दावरून जात ओळखली गेली, हा वाद भाषापंडितांनी घालावा. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत मात्र भामटा आणि राजपूत भामटा ही नावे रीतसर छापलेली आहेत. त्या जातीचा दाखला घेऊन महाविद्यालयात गेलेल्या मुलाने तो मथळा वाचला तर त्याला काय वाटत असेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने केलेला नसतो. आम्हीही हा शब्द आजवर सहज वापरलेला आहे.

कायद्याकडे परत येऊ. १९२४ च्या कायद्याच्या आठव्या कलमात एक बारीकशी खिडकी होती. नोंदवहीत आपले नाव चुकीने आले आहे किंवा येणार आहे असे ज्याला वाटेल, त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करावी. दंडाधिकाऱ्याने ते नाव ठेवावे, घालावे अथवा खोडून टाकावे, जसे त्याला योग्य वाटेल तसे. नाव खोडण्याची तरतूद आपल्याकडे होती ती अशी. ज्याला वाचता येत नाही, ज्याला गाव सोडण्यासाठी आधी परवानगी लागते, त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन साहेबापुढे उभे राहायचे आणि मी तो नव्हे असे सिद्ध करायचे. आणि समजा त्याचे नाव खोडले गेले, तरी जमातीचे नाव जाहीरनाम्यात तसेच राही. त्याच्या मुलाने पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा.

नोंदलेल्यांतील काहींना वसाहतींत ठेवण्यात आले. मराठीत त्यांना ‘सेटलमेंट’ असेच म्हणतात. सोलापूरची सेटलमेंट त्यांत सर्वांत प्रसिद्ध. भोवती तारेचे कुंपण, दिवसाची हजेरी, रात्रीची हजेरी, आणि मधल्या वेळात गिरणीतले काम. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याची सोय तर १८९७ च्या दुरुस्तीनेच करून ठेवली होती.

येथे ख्रिस्ती वाचकाने थोडे थांबले पाहिजे. या वसाहतींपैकी अनेक वसाहती सरकारने मिशनांच्या हाती सोपवल्या होत्या. सनदी नोकरी सोडून मुक्तिफौजेत आलेले फ्रेडरिक बूथ-टकर यांनी उत्तर हिंदुस्थानात या कामाचा पाया घातला. आंध्रातील स्टुअर्टपुरम ही वसाहतही मुक्तिफौजेनेच चालवली. ही मंडळी कॅथलिक नव्हती, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, रेशीम आणि विणकाम शिकवले. त्यांच्या हेतूंबद्दल आम्हाला शंका नाही. तथापि ज्याने पाप केल्याचे कुणी सिद्ध केलेले नाही, त्याला कुंपणाआड ठेवून त्याचा उद्धार करण्याचे काम आपण का पत्करावे, असा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांना पडला असावा. पश्चात्ताप हा ज्याचा त्याने करायचा असतो. येथे तो जमातीच्या वतीने आधीच गृहीत धरलेला होता.

मुंबई इलाख्यातील वसाहतींचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे या काळातील एक चमत्कारिक व्यक्तिमत्त्व. सेटलमेंट खाते त्यांनी मोठ्या चिकाटीने चालवले. १९२८ मध्ये अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा हे त्या समितीचे सदस्य होते. तिचा अहवाल १९३० मध्ये आला. तारेच्या कुंपणाची व्यवस्था पाहणारा मनुष्य आणि समतेच्या शिफारशींखाली सही करणारा मनुष्य एकच असू शकतो, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते की सर्व काळांचे, ते वाचकांनी ठरवावे.

स्वातंत्र्यानंतर मद्रासने १९४७ मध्ये आणि मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा आपापल्या हद्दीत रद्द केला. नागपूर तेव्हा मुंबई राज्यात नव्हते. ते मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि १९५० पासून मध्यप्रदेशाची. त्यामुळे सोलापूरचे कुंपण कायद्याने पडले तरी कायद्याचे पुस्तक नागपुरात उघडेच राहिले. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने हा कायदा देशभर रद्द करावा अशी शिफारस केली, आणि १९५२ च्या चोविसाव्या कायद्याने ती अमलात आली. मराठी बोलणाऱ्या एकाच समाजाचे लोक तीन वर्षे असे होते, की सीमेच्या एका बाजूला नागरिक आणि दुसऱ्या बाजूला जन्मजात संशयित.

ही प्रांतांची जुनी रेघ अजूनही पुसलेली नाही. कैकाडी समाजाचेच उदाहरण घ्या. नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती अशा विदर्भातील जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात, आणि पुण्या-सोलापुरात तोच समाज विमुक्त जातीत. सोलापूरची सून नागपुरात आली तर कोणता दाखला कुठे चालेल, हे समजण्यासाठी वकील गाठावा लागतो.

आता मूळ मुद्दा. १९५२ चा रद्दीकरणाचा कायदा अगदी आटोपशीर आहे. त्याने जुना कायदा मोडीत काढला. परंतु प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत पडून असलेल्या नोंदवह्या, ठसे, चोपड्या यांचे काय करायचे, याविषयी तो काही बोलत नाही. कुणी त्या जाळल्या नाहीत, कुणी सीलबंद केल्या नाहीत. जाहीरनामा गेला, दप्तर राहिले. पाठोपाठ ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला होता, म्हणून तो नागपुरालाही लागू झाला. या कायद्यात जमात नाही, व्यक्ती आहे. अनेकदा शिक्षा झालेल्यालाच सराईत म्हणायचे आहे. कागदावर हा फार मोठा फरक आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. परंतु एखाद्या गावी घरफोडी झाली म्हणजे रात्री कोणत्या पालांवर गाडी जाते, हे ठरवणारा शिपाई कायद्याचे पुस्तक चाळीत बसत नाही. तो चौकीची जुनी आठवण चाळतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये, आणि वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये हे सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा असे सुचवले, त्याचे कारण हेच.

यात एक दुष्टचक्र आहे. संशयावरून धरून नेलेल्या तरुणावर गुन्हा नोंदला जातो. खटला वर्षानुवर्षे चालतो, बहुधा सुटका होते. मधल्या काळात शिपाईभरतीची, शाळेत चपराशाच्या जागेची संधी निघून जाते. सुटल्यावरही अर्जातील तो रकाना त्याच्यापुढे उभा राहतो: आपणांविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला होता काय? खरे लिहावे तर नोकरी जाते. लपवावे तर लपवल्याबद्दल जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात या कोंडीला थोडी वाट करून दिली. क्षुल्लक गुन्ह्याची माहिती दडवली गेली असेल तर ती माफ करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे, असे न्यायालयाने म्हटले. निर्दोष सुटलेल्याच्या पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा अधिकारही त्याच निर्णयाने शाबूत ठेवला.

मग नाव खोडून घ्यायचे तरी कुठे? आपल्या कायद्यात प्रौढ माणसासाठी असा सरळ दरवाजा नाही. गुन्ह्याची नोंदच रद्द करावी म्हणून उच्च न्यायालयात जाता येते. नागपुरात खंडपीठ आहे, अंतर फार नाही, पण फी आणि खेटे आहेत. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा निर्दोष सुटलेल्या, पूर्वी शिक्षा न झालेल्या मनुष्याची छायाचित्रे व मापे नष्ट करावीत असे सांगत होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या कायद्यातही ती सवलत आहे, मात्र एरवी अशी नोंद ७५ वर्षे जपायची आहे. पंच्याहत्तर वर्षे म्हणजे आजोबांचा ठसा नातवाच्या लग्नापर्यंत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. आणि ज्या इंग्लंडने आपल्याला १८७१ चा कायदा दिला, त्याने आपल्या लोकांसाठी १९७४ मध्ये असा कायदा केला, की ठरावीक वर्षे सरळ वागलेल्या माणसाची जुनी शिक्षा संपली असे मानावे आणि बहुतेक ठिकाणी ती त्याला विचारू नये. आम्ही तो वाचला तेव्हा हेवा वाटला, हे कबूल करतो.

खरोखर नोंद नष्ट करा असे आपला कायदा ज्यांच्याविषयी निःसंदिग्धपणे सांगतो, ती मुले आहेत. २००० च्या बालन्याय कायद्यात हे तत्त्व होते. २०१५ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाने ते कायम ठेवले, आणि सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अत्यंत गंभीर गुन्ह्यांना अपवाद केले. अपिलाची मुदत सरल्यावर वा नियमांत घालून दिलेला काळ लोटल्यावर दोषसिद्धीची कागदपत्रे नष्ट करायची. तो दोष पुढील आयुष्यात अपात्रता ठरत नाही. १९५२ साली जे वाक्य लिहायचे राहून गेले, ते जवळजवळ पन्नास वर्षांनी मुलांपुरते लिहिले गेले. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात ज्यांचे आयुष्य सरले, त्यांच्या वाट्याला ते आले नाही.

२०२४ हे वर्ष या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. मे महिन्यात दिल्लीतील एका प्रकरणाचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या ‘हिस्टरी शीट’कडे लक्ष वेधले. दुर्बल वर्गांतील निरपराध माणसांच्या नोंदी काही राज्यांत यांत्रिकपणे केल्या जातात, असे म्हणून राज्यांनी आपली पद्धत तपासावी असे सांगितले. पुढे ३ ऑक्टोबर रोजी तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निर्णयात न्यायालय आणखी पुढे गेले. कच्च्या व पक्क्या कैद्यांच्या रजिस्टरांतील जातीचा रकाना काढून टाका, कारागृह नियमावल्यांतील ‘सराईत’ या शब्दाचा अर्थ कायद्यात असेल तेवढाच घ्या, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही हे पाहा, असे त्याने बजावले. नियमावल्या सुधारण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. १९५२ च्या कायद्याने ज्या दप्तराला हात लावला नव्हता, त्याच्यापर्यंत न्यायालयाचा हात बहात्तर वर्षांनी पोहोचला.

नागपुराहून अमरावतीकडे जाताना नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा नावाचे गाव लागते. फासेपारधी समाजातील मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून तेथे २०१२ मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेचे ग्रंथालय पाडले गेले, तेव्हा काही दिवस वर्तमानपत्रांतून तिचे नाव गाजले, मग मागे पडले. ज्या समाजात हजेरी म्हणजे चौकीवरची हजेरी एवढाच अर्थ दोन पिढ्या शिल्लक होता, त्या समाजाची मुले तेथे सकाळी ओळीने बसतात. गुरुजी वही उघडतात, एकेक नाव वाचतात, आणि पोरे हात वर करून ‘हजर’ म्हणतात.